१ ते १००० मध्ये २, ३, ५, ७ ने भाग न जाणाऱ्या संख्या: २२८ की २२९?

सांजवेळ

नमस्कार. बऱ्याच वर्षांनी पुन्हा गणित हातात घेतलं आहे. भाची नववीत आहे, तिच्याबरोबर बसून रोज एखादं उदाहरण सोडवते. परवा हे उदाहरण आलं: १ ते १००० या संख्यांपैकी किती संख्यांना २, ३, ५, ७ यांपैकी एकानेही नि:शेष भाग जात नाही?

मी असा विचार केला. २ च्या पटी काढल्या की निम्म्या संख्या उरतात. त्यांतल्या एक तृतीयांश ३ ने जातात, दोन तृतीयांश उरतात. मग ४/५, मग ६/७. म्हणून

१००० × १/२ × २/३ × ४/५ × ६/७ = २२८.५७

उत्तर पूर्ण संख्याच असणार म्हणून जवळची २२९ लिहिली. पुस्तकात उत्तर २२८ आहे.

भाचीने १०० पर्यंतच्या संख्या वहीत लिहून खोडायला घेतल्या. उरल्या २२. माझ्या रीतीने तिथे २२.८६ येतं, म्हणजे २३. पुन्हा एकने जास्त. मग मी म्हटलं, अपूर्णांक सरळ सोडून देऊ. तर तिने फक्त २, ३, ५ घेऊन १९ पर्यंत मोजलं. माझी रीत सांगते ५.०७. प्रत्यक्षात १, ७, ११, १३, १७, १९ अशा सहा आहेत. म्हणजे अपूर्णांक सोडूनही भागत नाही.

दोन प्रश्न आहेत. गुणाकाराची ही रीत नेमकी कुठे चुकते? आणि पुस्तकात जे लांबलचक वजा-अधिक-वजा-अधिक केलं आहे, त्यातली चिन्हं अशी का पालटतात? मला ते सूत्र पाठ करायचं नाही, भाचीला समजावून सांगता आलं पाहिजे.

बाकी_शून्य

तुमची गुणाकाराची रीत चुकीची नाही, ती ठरावीक लांबीच्या पट्ट्यातच तंतोतंत लागू पडते.

आधी २, ३, ५ घ्या. त्यांचा गुणाकार ३०. १ ते ३० मध्ये उरतात १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, म्हणजे आठ. तुमच्या रीतीनेही ३० × १/२ × २/३ × ४/५ = ८. इथे एका दाण्याचाही फरक नाही. ३१ ते ६० मध्ये हीच रचना पुन्हा येते, कारण ३० मिळवल्याने २, ३, ५ ने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही. ७ घेतला की पट्टा २१० चा होतो आणि त्यात ४८ संख्या उरतात.

आता १००० = ४ × २१० + १६०. चार पूर्ण पट्ट्यांत ४ × ४८ = १९२ संख्या. शिल्लक राहिला १६० लांबीचा तुकडा. त्यात गुणाकाराची रीत ३६.५७ सांगते, प्रत्यक्षात ३६ आहेत. १९२ + ३६ = २२८. तुमचा तो ०.५७ सगळाच्या सगळा या अर्धवट पट्ट्यातून आला आहे.

पट्ट्याच्या आत या संख्या सारख्या अंतरावर नसतात. ३० च्या पट्ट्यात १ नंतर थेट ७ आहे, पण ११ आणि १३ अगदी शेजारी आहेत. त्यामुळे पट्टा कुठे तोडला यावर उत्तर अंदाजाच्या वर जाईल की खाली, हे ठरतं. १० वर तोडलात तर अंदाज २.६७ आणि प्रत्यक्ष २. १९ वर तोडलात तर अंदाज ५.०७ आणि प्रत्यक्ष ६. जवळची संख्या घेणे किंवा अपूर्णांक सोडणे यांपैकी कोणतीच युक्ती म्हणूनच सगळीकडे चालत नाही.

नवशिका

वाचतो आहे. "२ ने निम्म्या जातात, उरलेल्यांतल्या एक तृतीयांश ३ ने जातात" हे वाक्य इतकं सरळ वाटतं की त्यात काही अडचण असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

पायरीपायरीने

सांजवेळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. शिकवण्यात आयुष्य गेलं आहे आणि हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा अशी माझी नेहमी इच्छा असायची, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी पुस्तकातली मांडणी लिहून घेऊ. १००० ला ७ ने भागलं तर १४२.८६ येतं, पण १००० पर्यंत ७ च्या पटी १४२ च आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणी भागाकाराचा फक्त पूर्णांक भाग घ्यायचा.

एकेका संख्येच्या पटी: २ च्या ५००, ३ च्या ३३३, ५ च्या २००, ७ च्या १४२. बेरीज ११७५.
दोघींच्या सामाईक पटी: ६ च्या १६६, १० च्या १००, १४ च्या ७१, १५ च्या ६६, २१ च्या ४७, ३५ च्या २८. बेरीज ४७८.
तिघींच्या: ३० च्या ३३, ४२ च्या २३, ७० च्या १४, १०५ च्या ९. बेरीज ७९.
चौघींच्या: २१० च्या ४.

१००० − ११७५ + ४७८ − ७९ + ४ = २२८.

आता चिन्हांचं कारण. बहुतेक पुस्तकांत वेन आकृती काढून "मधला भाग दोनदा वजा झाला म्हणून एकदा मिळवा" असं सांगतात. दोन-तीन वर्तुळांपर्यंत ते पटतं. चार मूळ संख्या आल्या की आकृती डोळ्यांना आवरत नाही आणि मुलं चिन्हं पाठ करायला लागतात. माझा अनुभव असा की वर्तुळं बाजूला ठेवावीत आणि एकच संख्या हातात धरून विचारावं: या मांडणीत ही संख्या एकूण किती वेळा मोजली गेली?

८४ घ्या. तिला २, ३, ७ ने भाग जातो, ५ ने जात नाही. सुरुवातीच्या १००० मध्ये ती एकदा आहे. २, ३, ७ च्या पटींमध्ये मिळून तीनदा वजा झाली. ६, १४, २१ च्या पटींमध्ये तीनदा परत आली. ४२ च्या पटींमध्ये एकदा वजा झाली. १ − ३ + ३ − १ = ०. म्हणजे अखेरच्या उत्तरात तिचा वाटा शून्य, आणि तो शून्यच असायला हवा.

३५ घ्या: १ − २ + १ = ०. २१० घ्या: १ − ४ + ६ − ४ + १ = ०. आणि १२१ घ्या: ११ × ११ असल्यामुळे ती कुठल्याही पटीत नाही, सुरुवातीला एकदा मोजली गेली ती तशीच राहिली. वाटा १.

ज्या संख्या नकोत त्यांचा वाटा शून्य आणि हव्यात त्यांचा एक. मग बेरीज म्हणजे हव्या असलेल्या संख्यांची मोजदादच झाली.

हे नेहमी शून्यच का येतं, असं भाची विचारेल. तिने द्विपद विस्तार शिकला असता तर (१ − १) चा घात म्हणून सांगता आलं असतं. नववीत तो नसतो, पण जोड्या लावता येतात. ८४ साठी २ हा विभाजक निवडा. आता ८४ जिथे जिथे मोजली गेली त्या जागांच्या अशा जोड्या लावा: ज्या जागेत २ नाही, तिच्यासमोर तीच जागा २ घालून ठेवा.

काहीच नाही ↔ २
३ ↔ ६
७ ↔ १४
२१ ↔ ४२

प्रत्येक जोडीत एका बाजूला मूळ संख्या एकने जास्त, म्हणून एक जागा अधिकची आणि दुसरी वजाची. जोडी जोडीने सगळं कटतं. संख्येला चारांपैकी एकाने जरी भाग जात असेल तरी निवडायला तो विभाजक हाताशी आहे, त्यामुळे जोड्या लागणारच. एकानेही जात नसेल तर जोडी लावायला काहीच नाही आणि ती संख्या एकटी उरते. यालाच समावेश-अपवर्जन तत्त्व म्हणतात, आणि माझ्या मते त्याचा गाभा या जोड्यांत आहे.

सांजवेळ

जोड्यांची ही मांडणी वाचून मी वही घेऊन २१० च्या आठ जोड्या लावून पाहिल्या. लागल्या! आज संध्याकाळी भाचीला हेच दाखवणार आहे. मनापासून धन्यवाद.

चाळणी

पायरीपायरीने यांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. एक भर घालते. ज्यांना सोळा पदं आणि चिन्हं सांभाळणं जड जातं, त्यांनी एकेक मूळ संख्या घेऊन चाळत जावं. उत्तर तेच, आणि चूक झाली तर कुठे झाली ते लगेच सापडतं.

१००० मधून २ च्या पटी काढल्या, उरल्या ५००.

आता ३ च्या पटी काढायच्या, पण सम पटी आधीच गेल्या आहेत. म्हणजे ३ × (विषम संख्या) एवढ्याच काढायच्या. कंसातली संख्या ३३३ पर्यंत जाऊ शकते. ३३३ पर्यंत विषम संख्या १६७. ५०० − १६७ = ३३३.

५ साठी: ५ × (२ आणि ३ ने भाग न जाणारी संख्या), कंसातली संख्या २०० पर्यंत. अशा ६७. ३३३ − ६७ = २६६.

७ साठी: ७ × (२, ३, ५ ने भाग न जाणारी संख्या), १४२ पर्यंत. ३० चे चार पट्टे १२० पर्यंत नेतात, त्यांत ३२. उरलेल्या बावीसांत सहा. एकूण ३८. २६६ − ३८ = २२८.

तुमच्या मूळ रीतीत "उरलेल्यांतल्या एक तृतीयांश" असं होतं, त्याजागी इथे नक्की मोजलेला आकडा येतो. ५०० चा एक तृतीयांश १६६.६७, पण प्रत्यक्षात गेल्या १६७. दर पायरीला फक्त एवढीच दुरुस्ती करायची असते.

संख्या मोठी असेल तर मी हीच रीत वापरते. प्रत्येक पायरी म्हणजे तोच प्रश्न, लहान संख्येसाठी आणि एक मूळ संख्या कमी करून पुन्हा विचारलेला. संगणकाला हे सांगायला चार-पाच ओळी पुरतात.

नवशिका

मी याच पद्धतीने दुसरं एक उदाहरण करून पाहिलं: १ ते १०० मध्ये ४, ६, ९ ने भाग न जाणाऱ्या संख्या. ४ च्या २५, ६ च्या १६, ९ च्या ११. मग २४ च्या ४, ३६ च्या २, ५४ ची १ मिळवली. २१६ ची एकही नाही. उत्तर ५५ आलं. हाताने मोजल्यावर मात्र ६१ येतात. चूक कुठे आहे?

बाकी_शून्य

गुणाकार घेतलात, तिथे लसावि घ्यायला हवा होता. ४ आणि ६ दोन्हींनी भाग जाणारी पहिली संख्या १२ आहे, २४ नव्हे. सामाईक पटी म्हणजे लसाविच्या पटी.

४ आणि ६ चा लसावि १२, त्याच्या पटी ८. ४ आणि ९ चा ३६, पटी २. ६ आणि ९ चा १८, पटी ५. तिघांचा लसाविही ३६, पटी २.

१०० − ५२ + १५ − २ = ६१.

२, ३, ५, ७ या मूळ संख्या असल्यामुळे त्यांचा लसावि म्हणजेच गुणाकार, म्हणून तिथे हा फरक दिसत नाही. गुणाकाराची रीतही पट्ट्यापुरती अचूक ठरते ती याच कारणाने. विभाजक सहमूळ नसले की ३६ च्या पूर्ण पट्ट्यातसुद्धा ३/४ × ५/६ × ८/९ हा गुणाकार चुकतो. तो २० देतो, प्रत्यक्षात उरतात २२.

चाळणी

आणखी एक खड्डा, ज्यात मी स्वतः पूर्वी पडले आहे. प्रश्न "१०१ ते २००" असा असेल तर २०० पर्यंतच्या मोजणीतून १०० पर्यंतची वजा करायची, १०१ पर्यंतची नाही. २०० पर्यंत २, ३, ५, ७ ने न जाणाऱ्या ४७ आहेत, १०० पर्यंत २२, म्हणून २५. १०१ पर्यंतच्या २३ वजा केल्या तर २४ येतील, कारण १०१ स्वतःच मूळ संख्या आहे आणि मोजायची असूनही ती निसटते.

अपरिमेय

चांगला धागा. पायरीपायरीने यांच्या मांडणीतल्या बेरजा एका ओळीत लिहून पाहा. पहिल्या टप्प्यापर्यंत, दुसऱ्यापर्यंत, असं करत:

१०००, −१७५, ३०३, २२४, २२८

खरं उत्तर २२८. १००० जास्त, −१७५ कमी, ३०३ जास्त, २२४ कमी. आळीपाळीने वर-खाली होत उत्तर मधे सापडतं. हा योगायोग नाही. कुठल्याही टप्प्यावर थांबलात तर वजाबाकीनंतरचा आकडा खऱ्या उत्तरापेक्षा जास्त नसतो आणि बेरजेनंतरचा कमी नसतो. यांना बॉनफेरोनीच्या असमानता म्हणतात.

याचा मोठा उपयोग आहे. मूळ संख्या ४ ऐवजी १६८ घेतल्या तर पदं होतात २ चा १६८ वा घात. त्यातली बहुतेक शून्य असतील, तरी उरलेल्या पदांत प्रत्येकी एकापेक्षा कमी अशी सोडलेल्या अपूर्णांकांची चूक साठत जाते आणि अंदाज हाताबाहेर जातो. नॉर्वेच्या विगो ब्रुन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मार्ग काढला तो असा: सगळी पदं घ्यायचीच नाहीत, योग्य ठिकाणी थांबायचं आणि वरची-खालची मर्यादा मिळवायची. १९१९ मध्ये त्यांनी याच मार्गाने सिद्ध केलं की ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३ अशा जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज सांत आहे. सगळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज मात्र अमर्याद वाढते. एवढ्या खोल निष्कर्षाच्या मुळाशी आपल्या सोळा पदांच्या मांडणीतलीच कल्पना आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

नवशिका

एक शंका. वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घेतल्या तर उरतात त्या मूळ संख्याच (आणि १). मग गुणाकाराच्या रीतीने मूळ संख्या किती आहेत याचा निदान चांगला अंदाज तरी मिळायला हवा ना? थोडी चूक चालेल.

अपरिमेय

करून पाहू. १००० साठी ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्या. गुणाकार देतो सुमारे १५२.८५. प्रत्यक्षात १००० पर्यंत १६८ मूळ संख्या आहेत. त्यातल्या ११ चाळणीत गेल्या आणि १ उरला, म्हणजे १५८. अंदाज कमी पडला.

दहा लाखांसाठी १००० पर्यंतच्या १६८ मूळ संख्या घ्या. गुणाकार देतो सुमारे ८१ हजार. प्रत्यक्षात दहा लाखांपर्यंत ७८,४९८ मूळ संख्या आहेत, म्हणून उरायला हव्यात ७८,४९८ − १६८ + १ = ७८,३३१. आता अंदाज जास्त झाला.

पुढे गेल्यावर चूक कमी होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. मेर्टन्स यांनी १८७४ मध्ये या गुणाकाराची नेमकी वाढ दाखवली. ती मूळ संख्यांच्या प्रमेयाशी (मोठ्या संख्येपर्यंत साधारण किती मूळ संख्या असतात हे ते सांगतं) ताडून पाहिली तर संख्या कितीही मोठी घेतली तरी अंदाज शेवटी १.१२३ पटीवर स्थिरावतो, म्हणजे सुमारे १२ टक्के जास्त. "या संख्येने भाग जाणं आणि त्या संख्येने भाग जाणं एकमेकांवर अवलंबून नाही" हे गृहीतक पूर्ण पट्ट्यात खरं आहे. पण ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांचा पट्टा हजारच्या कित्येक पट लांब आहे. सगळ्या पट्ट्याचा हिशेब आपण त्याच्या अगदी सुरुवातीच्या एका चिमटीला लावत असतो.

सांजवेळ

हे वाचून मला माझ्या चुकीबद्दल वाईट वाटेनासं झालं आहे. म्हणजे माझा ०.५७ आणि हा १२ टक्क्यांचा फरक, दोन्हींचं मूळ एकच?

अपरिमेय

मूळ एकच, अर्धवट पट्टा. तुमच्याकडे चार पूर्ण पट्टे आणि एक तुकडा होता, म्हणून फरक एकापेक्षाही लहान राहिला. तिथे नुसता तुकडाच आहे, तोही अगदी छोटा.

पायरीपायरीने

सांजवेळ, तुमच्या २२८ मध्ये आणखी एक गोष्ट दडली आहे. राहवत नाही म्हणून लिहितो. यातून १००० पर्यंतच्या मूळ संख्या किती हे कागद-पेन्सिलने काढता येतं, आणि त्यासाठी ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्या घेऊन २०४८ पदं लिहावी लागत नाहीत.

त्या २२८ संख्या कोण आहेत ते पाहू. त्यांत १ आहे. १० पेक्षा मोठ्या मूळ संख्या आहेत. आणि काही संयुक्त संख्या आहेत, ज्यांचे सगळे मूळ अवयव ११ किंवा त्याहून मोठे आहेत. अशा संयुक्त संख्येला किती मूळ अवयव असू शकतात? ११ × ११ × ११ = १३३१, म्हणजे हजारच्या बाहेर. म्हणून बरोबर दोनच. एवढ्या एका निरीक्षणाने काम सोपं होतं.

आता दोन मूळ संख्यांचे असे गुणाकार मोजायचे. लहान अवयव धरून चालू.

लहान अवयव ११ असेल तर मोठा ११ ते ९०: २० मूळ संख्या.
१३ असेल तर १३ ते ७६: १६.
१७ असेल तर १७ ते ५८: १०.
१९ असेल तर १९ ते ५२: ८.
२३ असेल तर २३ ते ४३: ६.
२९ असेल तर २९ आणि ३१: २.
३१ असेल तर फक्त ३१: १.

बेरीज ६३.

२२८ मधून १ काढा, ६३ काढा. उरल्या १६४. त्यात चाळणीत गेलेल्या २, ३, ५, ७ या चार परत मिळवा. १६८.

यासाठी ९० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी पुरली. ही युक्ती जर्मन गणितज्ञ एर्न्स्ट माइसेल यांची. त्याआधी लेजाँद्र यांनी वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घेऊन समावेश-अपवर्जनाचं सूत्र मांडलं होतं. माइसेल यांनी घनमुळापर्यंत थांबून बाकीचं असं वेगळं मोजलं. आपल्या उदाहरणात घनमूळ बरोबर १०, म्हणून २, ३, ५, ७ वरच काम भागलं.

१८८५ मध्ये त्यांनी शंभर कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांचा आकडा हाताने काढला: ५,०८,४७,४७८. खरा आकडा ५,०८,४७,५३४ आहे. फरक ५६ चा. पाच कोटींच्या मोजणीत, कुठलंही यंत्र न वापरता. पुढे डेरिक लेमर यांनी ही रीत सुधारून १९५९ मध्ये संगणकावर एक हजार कोटींपर्यंतचा आकडा काढला, ४५,५०,५२,५१२, आणि तो फक्त एकने जास्त होता. सांजवेळ, तुमचा २२९ सुद्धा एकानेच जास्त होता, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मोजणीत एकाचा फरक शोधत बसणं हे लहान काम नाही.

बाकी_शून्य

+१. ही ६३ ची मांडणी मी पहिल्यांदाच इतकी सुटसुटीत पाहिली. ११ च्या ओळीत ९० कुठून आले असं कोणी विचारलं तर: १००० ÷ ११ = ९०.९, म्हणून मोठा अवयव ९० पर्यंत. ९० पर्यंत २४ मूळ संख्या आहेत, त्यातल्या २, ३, ५, ७ वगळून २०. बाकीच्या ओळीही अशाच, फक्त दर ओळीला आणखी एक लहान मूळ संख्या वगळायची, नाहीतर ११ × १३ आणि १३ × ११ असे एकच गुणाकार दोनदा येतील.

चाळणी

भाचीला पुढचं द्यायचं असेल तर: २, ३, ५ ने भाग न जाणाऱ्या संख्या चढत्या क्रमाने लिहिल्या तर १००० वी संख्या कोणती? सूत्र लागत नाही, पट्टे लागतात.

सांजवेळ

उशिरा लिहिते आहे. काल संध्याकाळ पूर्ण यातच गेली.

आधी जोड्या दाखवल्या. ८४ च्या चार जोड्या तिने लावल्या आणि मग स्वतःच विचारलं, "२ ऐवजी ७ निवडला तर?" लावून पाहिलं. जोड्या बदलल्या, पण कटलं सगळंच. मग तिने ५ निवडून पाहिला, ज्याने ८४ ला भाग जात नाही, आणि जोडीदारच सापडेनात. त्यावर ती म्हणाली, म्हणजे भाग जाणारा एक तरी हवा, नाहीतर ती संख्या सुटते. मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

१००० व्या संख्येचं तिने असं केलं: एका पट्ट्यात आठ, १००० ÷ ८ = १२५, बाकी नाही, म्हणजे १२५ व्या पट्ट्यातली शेवटची. १२४ × ३० + २९ = ३७४९. चाळणी, बरोबर आहे का ते सांगा.

६३ गुणाकारांची यादी मात्र तिने सूत्रावर न सोडता पूर्ण लिहून काढली. १२१ पासून सुरू होते, शेवटची ९८९, म्हणजे २३ × ४३. पहिल्यांदा तिची यादी ६२ च भरली होती. ३१ × ३१ राहिली होती. आता दहा हजारांचं करायचं म्हणते आहे. घनमूळ २१ च्या पुढे, म्हणजे १९ पर्यंतच्या आठ मूळ संख्या. २५६ पदं लिहायची नाहीत, चाळणी यांच्या रीतीने एकेक मूळ संख्या घेत जायचं, असं ठरलं आहे.

चाळणी

३७४९ अगदी बरोबर. दहा हजारांपर्यंत १२२९ मूळ संख्या आहेत, पण हा आकडा तिला आधी सांगू नका.